गोंगाटाच्या कॅसेटी आणि दादाचे कान

पहिल्यांदा ती कॅसेट लावली तेव्हा मला वाटलं, डेकचं हेड गेलं.

नव्वदच्या दशकात मी पेणला, एसटी स्टँडजवळच्या एका कॅसेटच्या दुकानात कामाला होते. लोक कोरी कॅसेट आणायचे, हवी ती गाणी सांगायचे आणि मी ती भरून द्यायचे. दुकानाला लागून गणपतीचा कारखाना होता. तिथली पांढरी धूळ आमच्या काउंटरवर, पंख्यावर, माझ्या केसांत बसायची. डेकच्या हेडवर बसली की आवाज फाटायचा. मग कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून हेड पुसायचं. त्या दुपारी मी पुसलं, लावलं, परत पुसलं, परत लावलं. आवाज फाटलेलाच. काउंटरपलीकडचं गिऱ्हाईक हसायला लागलं.

"मशीन चांगलं हाय गो," तो म्हणाला. "गानंच तसं हाय."

तो धरमतरकडचा खलाशी होता, परदेशी बोटींवर जाणारा, सुट्टीवर घरी आलेला. कुठल्याशा बंदरातल्या जुन्या कॅसेटींच्या दुकानातून त्याने ती उचलली होती. ऐकून ऐकून पट्टी झिजली म्हणून त्याला कॉपी हवी होती. मला कोणी हसलेलं खपत नाही. मी त्याला तोंडावर सांगितलं की असला आवाज ऐकायला कॅसेट कशाला, कुठेही पत्रा कापत असतील तिथे जाऊन उभं राहावं. तो आणखीच हसला आणि संध्याकाळी येतो म्हणून निघून गेला.

मी कॉपी केली. दुकानाच्या शिरस्त्याप्रमाणे एक कॉपी आमच्यासाठीही काढून ठेवली आणि गिऱ्हाईक नाही असं बघून ती पुन्हा लावली, का कोण जाणे. गिटार होती, पण ते लोक ती वाजवत नव्हते, तिला छळत होते. माईक स्पीकरच्या तोंडाशी नेला की कान फाडणारी शिट्टी येते, जिच्यापायी लग्नाच्या मांडवात लाऊडस्पीकरवाला शिव्या खातो, ती शिट्टी त्यांनी मुद्दाम काढली होती आणि ताणून धरली होती. ड्रम एकाच जागी आदळत होता. मागे कोणीतरी बंद दारापलीकडून बोलावं तसं बोलत होतं. मला भीती वाटली. बाहेर रणरणतं ऊन होतं, समोर रसवाल्याच्या चरकाचं घुंगरू वाजत होतं, आणि मला वाटत होतं की आपल्या पाठीशी कोणी उभं आहे. मी कॅसेट बंद केली. थोड्या वेळाने परत लावली.

सुट्टीच्या दिवशी मी ती दादाकडे घेऊन गेले. दादा म्हणजे माझा मोठा भाऊ. आमचे वडील जन्मभर मिठागरात राबले, आणि दादाला काही झालं तरी मिठागर नको होतं. डोलवीला कंपनीत चिकटावं म्हणून तो कंत्राटदारांच्या मागे चपला झिजवत फिरला. तिथे डाळ शिजली नाही. शेवटी रोह्याच्या बाहेर, एका पत्र्याच्या शेडमध्ये त्याला काम मिळालं. केमिकल कंपन्यांकडची रिकामी लोखंडी पिंपं तिथे यायची. ती धुवायची, त्यांचे पोचे ठोकून काढायचे, रंगवायची आणि परत भरायला पाठवायची. दादा पोचे ठोकायचा. रिकाम्या पिंपावर हातोडा कसा वाजतो हे ज्याने ऐकलंय त्याला सांगायला नको. आणि तिथे दहा-बारा माणसं एकदम ठोकत असायची, वर पत्रा, खाली कोबा, तिन्ही बाजूंनी भिंती. कानात कापूस कोंबायचे, तो घामाने भिजला की उपटून फेकायचे.

पेणहून गाडी नागोठणं, निडी करत रोह्याला जायची. रोहा जवळ आलं की वास सुरू व्हायचा. रोज कुठला असेल त्याचा नेम नसायचा. कधी कुजलेल्या कांद्याचा, कधी नुसताच घशाला खवखवणारा. डब्यातली माणसं गप्पा थांबवायची नाहीत, नाकाला पदर लावून बोलत राहायची. मला त्या पदराआडून बोलण्याचा राग यायचा, आणि मग मीही ओढणी लावायचे.

दादा-वहिनीची भाड्याची खोली शेडपासून चालत जाण्याएवढ्या अंतरावर होती. मी कॅसेट लावली. दादा जेवत होता. त्याचा घास हातातच राहिला.

"ह्यो तर आमचा आवाज हाय," तो म्हणाला.

"तुमचा कसला? अमेरिकेतल्या पोरांचा आहे."

"म्हंजे कोनीतरी बसून, इचार करून केलाय ह्यो?"

"व्हय."

तो बराच वेळ ऐकत राहिला. वहिनी बादली घेऊन पाण्याच्या निमित्ताने बाहेर गेली ती कॅसेट संपेपर्यंत आलीच नाही. संपल्यावर दादाने स्वतः उठून बाजू उलटली. पुढे कधीतरी मी त्याला विचारलं, की दिवसभर तेच ऐकून येतोस, घरी परत तेच कशाला? तो म्हणाला, "शेडातला आवाज माझ्या अंगावर येतो. ह्यो मी बोलावतो. बटन दाबलं का गप बसतो." मला ते पटलं.

मग तो नेमच झाला. खलाशी सुट्टीवर आला की नव्या कॅसेटी आणायचा, मी कॉपी करायचे, एक रोह्याला जायची. खलाशी बोलघेवडा होता. त्याच्याकडून आणि पुढे मुंबईच्या फुटपाथवर मिळालेल्या जुन्या इंग्रजी मासिकांतून मला या प्रकाराचं मूळ हळूहळू कळत गेलं. त्याला नॉइज रॉक म्हणतात. सत्तरचं दशक संपत आलं तेव्हा न्यूयॉर्कच्या पडक्या, स्वस्त वस्त्यांत राहणाऱ्या पोरापोरींनी हे सुरू केलं. त्यातल्या अनेकांना वाद्य धड वाजवता येत नव्हतं आणि त्याची त्यांना लाज नव्हती. तारा मुद्दाम बेसूर लावायच्या, तारांत स्क्रूड्रायव्हर खुपसायचा, पत्रे बडवायचे. पुढच्या दहा वर्षांत ते इतर शहरांत पसरलं, जिथे कारखाने बंद पडत होते तिथे तर जास्तच जड आणि चिडकं झालं. जपानात काहींनी गाणंच काढून टाकलं आणि नुसता गोंगाट ठेवला. आणि आमच्या त्या नव्वदच्या दशकात मोठ्या कंपन्यांनी त्याची धार जरा बोथट केली, मध्ये गुणगुणता येईल अशी चाल घातली आणि ते जगभर विकलं. ज्यांनी ती चाल गुणगुणली त्यांच्यातल्या फार थोड्यांना ठाऊक होतं की ती कुठल्या खोल्यांतून आली.

मासिकांत एक प्रश्न सारखा असायचा, की हे लोकांना आवडतं तरी का? उत्तरं मोठमोठी असायची, बंड वगैरे. मला विचाराल तर मला ते खरं वाटायचं म्हणून आवडायचं. दुकानात दिवसभर मी प्रेमाची गाणी भरून द्यायचे, आणि संध्याकाळी घरी जाताना खाडीच्या वाऱ्याबरोबर भलताच वास यायचा. काहीतरी बिघडतंय आणि कोणी बोलत नाही, हे मला तेव्हा सतत वाटत असे. त्या कॅसेटींत निदान कोणी तरी ओरडत होतं. आजही मी त्या ऐकते. आता त्या फोनवर मिळतात, आणि ऐकणारी विशीतली पोरं मला भेटतात तेव्हा त्यांच्याही चेहऱ्यावर तोच भाव असतो. त्यांना काय बिघडताना दिसतंय ते मी विचारत नाही.

एका दिवाळीनंतर दादाला शेडमध्ये बढती मिळाली. हातोडा सुटला, तो आता पिंपं तपासायचा. काम असं होतं. पोचे काढलेल्या पिंपात कंप्रेसरने हवा भरायची, बूच घट्ट लावायचं, आणि शिवणीशी कान नेऊन सगळ्या बाजूंनी ऐकायचं. कुठे बारीक भोक असलं तर हवा सुस्स करत निघते. साबणाच्या पाण्याने तपासलं तर फुगे दिसतात आणि शंकाच उरत नाही, पण मग पिंप पुसा, वाळवा, नाहीतर रंग धरत नाही. तेवढा वेळ कोण घालवणार? म्हणून तिथे कानानेच तपासायची पद्धत होती. हातोडे चालू असताना काही ऐकू येणं शक्य नव्हतं, त्यामुळे बाकीचे जेवायला आणि चहाला बसले की तपासणारा कामाला लागायचा.

"सायबानं सोता सांगितलं, तुझा कान चांगला हाय," दादा म्हणाला. त्याला इतकं खूश मी क्वचितच पाहिलं होतं. त्याचा खांदा हातोड्याने कामातून गेला होता, हात डोक्याच्या वर जात नव्हता. वहिनीला दिवस गेले होते. सगळं कसं वेळेवर जुळून आलं असं आईने देवाला नारळ फोडताना म्हटलं.

त्याच सुमाराला दादा आम्हाला सांगायला लागला की रोह्यात रातकिडे उरले नाहीत.

"कंपन्यांच्या पान्यानं मेले समदे. आयकायलाच येत नाय."

आमच्या घरी कोणाला त्यात नवल वाटलं नाही. नदीत मासे पोट वर करून तरंगलेले सगळ्यांनी पाहिले होते. तिथे किड्यांची काय कथा? वडिलांनी चुकचुक केली. मी स्वतः ही गोष्ट दुकानात चार जणांना सांगितली, आणि त्यांनी पुढे चाळीस जणांना सांगितली असेल.

मग एकदा माझी परतीची गाडी चुकली आणि मला रोह्याला मुक्काम करावा लागला. दिवेलागणीला मी खोलीच्या पायरीवर वहिनीबरोबर तांदूळ निवडत बसले होते. मागच्या झाडीत रातकिडे असे सुटले होते की कान किटले.

"दादा, परत आले रे रातकिडे," मी म्हणाले.

"कुठं?" दादा म्हणाला, आणि झाडाकडे बघायला लागला.

वहिनीने माझ्याकडे पाहिलं. मग तिने मान खाली घातली आणि खडे नसलेल्या तांदळात खडे शोधायला लागली. मीही पुन्हा तांदूळ निवडायला लागले.

पुढच्या खेपेला मी कॅसेट नेली ती फार वाईट होती. मूळ कॅसेट खलाशाच्या मित्राकडे, तिची कॉपी खलाशाकडे, तिची कॉपी माझ्याकडे आणि आमच्या दुकानात एक कॉपी खराब झाली म्हणून तिचीही कॉपी. प्रत्येक कॉपीला पट्टीचा स्वतःचा आवाज वाढतो. कढईत फोडणी टाकल्यासारखा तो सूं आवाज गाण्यावर चढून बसतो. गिऱ्हाइकाला मी ती दिली असती तर त्याने ती माझ्या अंगावर फेकली असती.

दादाने ऐकली आणि मान डोलावली. "ह्यी कशी सोच्छ निघाली गो. इतकी सोच्छ तू कदीच आनली नव्हतीस."

मी कॅसेट पुढे पळवली. दोन गाण्यांच्या मध्ये एक लांब रिकामी जागा होती, तिथे आणून थांबवली आणि आवाज वाढवला. टेपमधून नुसता सूं आवाज यायला लागला. आणखी वाढवला. वहिनी आत भाकरी थापत होती.

"वन्सं, ते काय लावलंय? बंद करा, डोस्कं उठलं माजं," ती म्हणाली.

दादा टेपकडे बघत गाणं सुरू व्हायची वाट पाहत बसला होता. त्याचा चेहरा शांत होता. मी बटण शेवटपर्यंत फिरवलं आणि त्याला विचारलं, "आता काय वाजतंय?"

"काय नाय," तो म्हणाला. "मधली जागा हाय ना?"

मला रडू फुटलं. मी त्याला सांगितलं की हे तुला ऐकू येत नाही, रातकिडे ऐकू येत नाहीत, आणि पिंपातली हवाही अशीच बोलते. तो आधी हसला, मग चिडला. तुझं बोलणं ऐकू येतं, गाडीची शिटी ऐकू येते, मग मी बहिरा कसा? मी म्हटलं, बारीक आवाज आधी जातात, जाड राहतात. हे मला दुकानातल्या एका गिऱ्हाइकाने, कानाच्या डॉक्टरकडे कामाला असलेल्याने, सांगितलं होतं. दादाने टेपची वायर उपटली.

"हातोडा परत घेऊ मी?" त्याने खांद्यावर हात मारला. "ह्यो खांदा घेऊन? आनि हिला, पोराला काय तुज्या कॅसेटी खायला घालू?"

त्याचं चुकत होतं असं म्हणायची माझी छाती झाली नाही. पण पिंपं कुठे जातात ते मला ठाऊक होतं, कारण त्यानेच मला सांगितलं होतं. ती पुन्हा भरली जायची, टेंपोत चढायची, आणि जवळच्या वाडीवरचे हमाल त्या पिंपांवरच बसून जायचे, उघड्या मांड्यांनी. एकाची मांडी गळक्या पिंपाने भाजली होती, ते बघून आला त्या दिवशी दादा जेवला नव्हता. आता त्या माणसांच्या आणि त्या पातळ विषाच्या मध्ये फक्त माझ्या भावाचा कान होता.

वहिनीच्या माहेरची माणसं आजही म्हणतात की त्याचे कान माझ्या कॅसेटींनी घालवले. हे ऐकलं की माझं डोकं फिरतं. त्याच्या खोलीतला तो टेप इतका लहान होता की शेजारची भांडणं त्याच्यावरून ऐकू यायची. शेडात आठ आठ तास हातोडे पडत होते, त्यांना कोणी काही म्हणत नाही. गोंगाट ज्याने ऐकवला त्याच्यावर आळ येतो, ज्याने केला तो मोकळा.

दोन दिवसांनी मी दुकानातून सुट्टी घेऊन शेडवर गेले. मनात ठरवलं होतं की सुपरवायझरला सगळं सांगायचं, पण हात जोडून सांगायचं: त्याला काढू नका, साबणाचं पाणी द्या, नाहीतर रंगाच्या कामाला बसवा. मी पोचले तेव्हा जेवणाची सुट्टी झाली होती. हातोडे थांबले होते. माणसं बाहेर सावलीत डबे सोडून बसली होती. सुपरवायझर दाराशीच खुर्ची टाकून जेवत होता. मी कोण ते सांगितलं आणि मग एका दमात बाकीचंही सांगितलं.

त्याने घास चावून संपवला.

"हितं कोनाला आयकू येतं, ताई?" तो म्हणाला.

मी म्हणाले, पण मग तपासायला ज्याला ऐकू येतं असा नवा माणूस तरी बसवा.

"व्हता की. रोज पिंपं बाजूला काढायचा. ह्ये गळतं, त्ये गळतं. शेठ वैतागला." त्याने लोणच्याची फोड बोटाने डब्याच्या कडेला सारली. "तुजा भाऊ बसला तवापासून एक पन पिंप बाजूला नाय. आठ वर्सं हातोडा मारलेला मानूस आमी हितं आनून बसवला, तो काय उगाच?"

तो उर्मटपणे बोलला नाही. मला पाणी हवं का, असंही त्याने विचारलं. दादाने आईला सांगितलेलं, आईने नारळ फोडताना देवाला सांगितलेलं, सगळं माझ्या डोक्यात एकदम उलटंपालटं झालं, आणि मला त्या माणसाच्या डब्यावर लाथ मारावीशी वाटली. मी मारली नाही. मी आत गेले.

शेडच्या आत कोणी नव्हतं, फक्त दादा. एका पिंपाशी उकिडवा बसून तो शिवणीला कान लावून ऐकत होता. डोळे मिटलेले होते. सावकाश, जराही घाई न करता, तो शिवणीवरून कान फिरवत गेला, वरून खाली, मग दुसऱ्या बाजूला. इतकं मन लावून कोणी काही ऐकताना मी पाहिलेलं नाही. त्याने खडूने पिंपावर बरोबरची खूण केली आणि हात कंबरेला पुसला.

मी दारापासून चार पावलं आत होते, आणि त्या पिंपातून हवा जात असलेली मला तिथून ऐकू येत होती.

मी त्याच्याजवळ गेले. तो दचकला, मग मला बघून त्याच्या कपाळाला आठी पडली. शेजारी प्यायच्या पाण्याची कळशी होती. त्याचं बोट मी तिच्यात बुडवलं आणि शिवणीवर, जिथून आवाज येत होता तिथे, नेऊन ठेवलं. तो हात काढून घेणार होता. मग त्याचा हात थांबला. ओल्या बोटाला हवा लागत होती.

त्याने ते बोट बराच वेळ तिथेच ठेवलं. मग बाहीने आपलीच खडूची खूण पुसून टाकली. भिंतीला लागून, एकावर एक, छतापर्यंत पिंपं रचलेली होती, आणि प्रत्येकावर त्याच्या हातची खूण होती. तो त्यांच्याकडे बघत राहिला.

"सकाळचा टेंपो?" मी त्याच्या समोर येऊन, त्याला माझे ओठ दिसतील असं विचारलं.

"गेला," दादा म्हणाला. "कालचा पन गेला. परवाचा पन."

पुढेही तो काही बोलत होता, पण जेवणाची सुट्टी संपून हातोडे सुरू झाले होते, आणि मला काहीच ऐकू आलं नाही.